पाणी मागे सरतं तेव्हा : वसंतातली काठावरची पक्षीफेरी



आजचा विषय वाचून काही जणांना प्रश्न पडला असेल की यवतमाळ जिल्ह्यात काठ कसला आणि काठावरची फेरी कसली. रास्त प्रश्न आहे. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर, दोन्ही आपल्यापासून पाचशे किलोमीटरहून लांब. आपल्या वाट्याला वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्या, आणि त्यांना मिळणारे बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस हे प्रवाह. पण याच प्रवाहांवर गेल्या काही दशकांत धरणं झाली. बाभूळगाव तालुक्यात खडकसावंग्याजवळ बेंबळा प्रकल्प, दिग्रसकडे अरुणावती, पुसदकडे पूस, पैनगंगेवर इसापूर, आणि शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह. या सगळ्या जलाशयांचा काठ मोजायला घेतला, तर आपल्यालाही चांगली लांबलचक किनारपट्टी आहे म्हणायची.

आणि या किनारपट्टीची एक गंमत आहे. कोकणातला माणूस किनाऱ्यावर पक्षी बघायला निघाला की आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतो. तिथं दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. आपल्या जलाशयांना भरती-ओहोटी वर्षातून एकदाच. आषाढापासून आश्विनापर्यंत भरती. मग रब्बीसाठी कालव्यांची आवर्तनं सुटतात, ऊन वाढतं, बाष्पीभवन होतं, आणि फाल्गुन-चैत्रात पूर्ण ओहोटी लागलेली असते. उतार सौम्य असेल तिथं पाणी शेकडो मीटर मागे सरकतं आणि बुडीत क्षेत्रातली जमीन उघडी पडते. आधी ओला चिखल, त्याच्या वर भेगाळलेला गाळ, आणि आणखी वर खडे-मुरूम. शिवाय पाण्यात मध्येच उंचवटे डोकं वर काढतात आणि त्यांची बेटं होतात.

माणसाच्या डोळ्याला ही जमीन ओसाड दिसते. पाणी गेलं, म्हणजे मजा गेली असं आपल्याला वाटतं. पाखरांच्या हिशेबात मात्र वर्षातले सगळ्यात मोलाचे दोन-तीन महिने इथं सुरू होतात. त्या महिन्यांत आपण दहा-वीस जणांचा गट घेऊन तिथं फिरायला जाणार असू, तर आपण कुठं पाय ठेवतो आहोत हे आधी कळलं पाहिजे. आज मला एवढंच सांगायचं आहे.

पाहुणे आणि घरवाले

आपली पक्षीनिरीक्षणाची सवय हिवाळ्याची आहे. महाराष्ट्रात पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. हे सगळं बरोबरच आहे, कारण तेव्हा उत्तरेकडून आलेले पाहुणे तळ्यांवर असतात आणि हवाही छान असते. पण त्यामुळे आपल्या अंगात हिवाळ्याची शिस्त, किंवा बेशिस्त म्हणा, भिनली आहे. थवा दिसला की जवळ जायचं, उडाला की उडतानाचा फोटो काढायचा. हे हिवाळ्यातही चांगलं नाही, पण तेव्हा थवा उडाला तर तो पलीकडच्या काठावर जाऊन बसतो. त्याचं नुकसान होतं ते थोड्या ताकदीचं.

वसंतात काठावर दोन प्रकारची मंडळी असतात. एक, निघायच्या तयारीतले पाहुणे. दोन, संसार मांडलेले घरवाले. दोघांनाही आपला उपद्रव हिवाळ्यापेक्षा जास्त महागात पडतो.

आधी पाहुणे बघू. काठच्या चिखलात सुईसारखी चोच सतत खालीवर करणारं चिमणीएवढं पाखरू दिसेल, तो छोटा टिलवा. वजन तीसेक ग्रॅम, म्हणजे हातात घेतलं तर जाणवणारही नाही. हा इथून निघून पार सैबेरियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिकच्या गवताळ दलदलीत जाऊन अंडी घालतो. पिवळा धोबी थंडीभर मळकट दिसतो आणि मार्चमध्ये असा पिवळाधमक होतो की नवखा माणूस त्याला वेगळाच पक्षी समजतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला राखी हंस, म्हणजे पट्टकादंब, मंगोलिया-तिबेटकडे जातो. उपग्रहाला जोडलेली यंत्रं पाठीवर बसवून केलेल्या अभ्यासात हे हंस हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहेत.

हा सगळा प्रवास चरबीवर होतो. गाडीत डिझेल भरावं तसं ही पाखरं निघण्याआधीचे काही आठवडे दिवसभर खात असतात. चिखलातले किडे, अळ्या, गोगलगायी हे त्यांचं डिझेल. आपण त्यांना सकाळभर चार वेळा उडवलं, तर भरलेलं थोडं तिथंच जळतं, आणि खाण्याचा वेळ जातो तो वेगळाच. म्हणून वसंतात थव्याजवळ "आणखी थोडं पुढं" जायचा मोह टाळायचा.

उघड्या जमिनीवरचा संसार

आता घरवाले. आपल्या मनात घरटं म्हटलं की झाड येतं, काड्या येतात, सुगरणीचा खोपा येतो. काठावरचे हे पक्षी काडीही आणत नाहीत. जमिनीवर छातीनं घासून बशीएवढा खळगा करतात, फार तर कडेला चार खडे, आणि त्यात अंडी.

यांतली सगळ्यांच्या ओळखीची टिटवी. लाल गाठीची टिटवी खड्याळ जमिनीवर, धुऱ्याजवळ, पडीत वावरात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांची निमुळती टोकं आत, जाड टोकं बाहेर, अशी फुलासारखी मांडणी. रंग असा मातकट आणि वर काळे ठिपके, की दोन हातांवरून बघितलं तरी दिसत नाहीत. ती साधारण चार आठवडे उबवावी लागतात.

दुसरा कंठेरी चिखल्या. गळ्यात काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं, आणि धावताना जणू चाकं लावली आहेत असा. हा पाण्याच्या जवळच्या बारीक खड्यांत घर करतो. तिसरा आर्ली. फिकट वाळूच्या रंगाचा, उडताना थेट पाकोळीसारखा, संध्याकाळी पाण्यावर किडे टिपत फिरतो. हे वसाहत करून राहतात. एका पट्ट्यात अनेक खळगे.

आणि चौथा नदी सुरय. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, लांब दुभंगलेली शेपटी. मार्चमध्ये नर चोचीत मासा घेऊन मादीला भरवताना दिसला, की समजायचं इथं जवळपास संसार आहे. हा पक्षी शक्यतो बेटावर अंडी घालतो, कारण चारी बाजूंना पाणी असलं की कुत्री आणि कोल्हे पोहोचत नाहीत. सुरयांची संख्या घटत असल्यामुळे जागतिक लाल यादीत त्याची नोंद आज "असुरक्षित" गटात आहे. कर्नाटकात भद्रा धरणाच्या जलाशयात पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटावर सुरयांची मोठी वसाहत भरते, ती बघायला लोक लांबून जातात. धरणामुळे सगळ्याच पक्ष्यांचं वाईट झालं असं म्हणता येत नाही, ते यासाठी. नदीतल्या वाळूच्या बेटांची जागा काही ठिकाणी जलाशयातल्या बेटांनी घेतली आहे.

पंचतंत्रात टिटवी आणि समुद्राची गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत असेल. टिटवीनं किनाऱ्यावर अंडी घातली, समुद्रानं ती गिळली, आणि टिटवा समुद्र कोरडा करायला निघाला. शेवटी गरुडानं विष्णूकडे दाद मागितली आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. ही गोष्ट रचणाऱ्यानं काठावरचं घर किती कच्चं असतं हे नीट पाहिलेलं होतं. आपल्याकडे फरक एवढाच की वसंतात पाणी पुढं येत नाही, ते मागे जातं. अवकाळी पावसानं किंवा वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यानं घरटी बुडतात, हे खरं आहे. पण पाणी मागे जाण्यातही धोका आहे. फेब्रुवारीत जे बेट होतं, ते एप्रिलमध्ये काठाला जोडलं जातं आणि कुत्र्यांना चालत जायला वाट होते. आणि जिथं कुत्रं चालत जातं, तिथं माणूसही जातो.

अंडं आणि ऊन

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपण घरट्यावर पाय दिला नाही, अंड्यांना हात लावला नाही, तरी नुकसान कसं होतं?

पक्षी अंड्यावर बसतो तो ऊब द्यायला, हे आपण शाळेत शिकलो. यवतमाळच्या एप्रिलमध्ये ते अर्धंच खरं आहे. अंड्यातल्या जिवाला साधारण ३६ ते ३८ अंश तापमान मानवतं. पारा ४१-४२ च्या पुढं गेला आणि तिथंच राहिला, तर आतला जीव मरतो. आपल्याकडे एप्रिलात सावलीतला पारा चाळिशी ओलांडतो, आणि उघड्या मुरमाची जमीन भर उन्हात ५० अंशांच्या वर जाते. अनवाणी चालून बघा, लगेच कळेल. म्हणजे दिवसा पक्षी अंड्यावर बसतो तो सावली धरायला. टिटवी अंड्यांवर पंख किंचित पसरून नुसती उभी राहिलेली दिसते, ती याच कारणानं.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे टिटवी, चिखल्या आणि सुरय पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि तशीच ओली येऊन अंड्यांवर बसतात. एक भिजून येईपर्यंत दुसरा पहारा देतो. आपल्या उन्हाळ्यातल्या वाळ्याच्या ताट्यांसारखंच आहे हे. पिल्लं बाहेर आल्यावरही त्यांना असंच गार ठेवतात.

आता या व्यवस्थेत आपण पंधरा जण येऊन उभे राहतो. टिटवी उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. आपण म्हणतो, "अरे वा, काय छान दिसते आहे!" आणि दुर्बिणी काढतो. कोणी फोटो काढतो, कोणी मुलांना दाखवतो, आणि दहा मिनिटं सहज जातात. सकाळी सातला त्या दहा मिनिटांनी फारसं बिघडणार नाही. अकरा वाजता तीच दहा मिनिटं घरटं संपवू शकतात. आपण हात न लावता निघून येतो आणि आपल्याला कधी कळतही नाही. पक्षी परत येऊन मेलेल्या अंड्यांवर दिवसेंदिवस बसून राहतो.

दुसरा धोका कावळ्यांचा. माणसांमुळे पक्षी उठला की अंडी उघडी पडतात, आणि कावळ्याची नजर तिथंच असते. कुत्रं आपल्या मागोमाग येतं, ते वेगळंच.

मग चालायचं कसं?

यावर कोणी म्हणेल, मग जाऊच नये. मला ते पटत नाही, त्याचं कारण पुढं सांगतो. आधी जायचं कसं ते बघू. हे नियम मी कुठल्या पुस्तकातून आणलेले नाहीत. वर जे कारण सांगितलं त्यातूनच ते निघतात.

पहिली गोष्ट वेळेची. उजाडताना सुरुवात, नऊच्या आत काठ सोडायचा. संध्याकाळी जायचं तर ऊन कलल्यावर. भर दुपारी काठावर जायचंच नाही. माणसांच्या तब्येतीलाही हे बरं.

दुसरी गोष्ट गटाची. दहा-बारांपेक्षा जास्त माणसं एका वेळी नकोत. जास्त आले तर दोन गट करा आणि एका गटाला धरणाच्या भिंतीवर थांबवा. एक जाणता पुढं, एक मागं, आणि बाकीचे एकामागे एक. आपण गप्पा मारत आडवे पसरून चालतो तेव्हा वीस मीटर रुंदीची जमीन तुडवतो. रांगेत चाललो तर एक फूट.

तिसरी गोष्ट वाटेची. मासेमारांची, गुराख्यांची रुळलेली पायवाट असते, तिच्यावरच चालायचं. धरणाची पाळ त्याहून चांगली, कारण उंचावरून दिसतंही जास्त. खडे-मुरमाचा कोरडा पट्टा, म्हणजे ओला चिखल आणि जुनी पाणरेषा यांच्या मधला भाग, तो पूर्ण टाळायचा. घरटी तिथंच असतात. त्या पट्ट्यावर गाडी तर अजिबात उतरवायची नाही. हल्ली कोरड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रात चारचाकी नेऊन फोटो काढायची टूम निघाली आहे. चाकाखाली काय गेलं ते आत बसलेल्याला दिसत नाही. बेटावर होडीनं उतरणं किंवा जोडल्या गेलेल्या बेटावर चालत जाणं हेही वर्ज्य.

चौथी गोष्ट, पक्ष्याचं ऐकायचं. तीन खुणा लक्षात ठेवा. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडतो आहे. पक्षी जमिनीवर पंख पसरून लंगडत, जखमी असल्यासारखा पुढं-पुढं सरकतो आहे. किंवा पक्षी एका जागेवरून गुपचूप, मान खाली घालून पळत दूर जातो आहे. चिखल्या आणि आर्ली लंगडायचं सोंग फार बेमालूम करतात. शत्रूनं आपल्या मागं यावं आणि अंड्यांपासून लांब जावं यासाठी ते असतं. लहान मुलं धावतात त्याला वाचवायला. त्यांना आधीच सांगून ठेवायचं. या तीनपैकी एकही खूण दिसली की थांबायचं, घरटं कुठं आहे ते शोधायचं नाही, आणि आलो त्याच पावलांनी मागं फिरायचं.

पाचवी गोष्ट पिल्लांची. या पक्ष्यांची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात चालू लागतात, आणि आईनं इशारा दिला की जिथं असतील तिथं दगड होऊन बसतात. असं एकटं पिल्लू दिसलं की "बिचारं हरवलंय" म्हणून उचलू नका. आई शंभर पावलांवरून बघत असते. तिला अडचण आपलीच असते.

आणि घरट्याचा फोटो नको, जागेचा पत्ता ग्रुपवर टाकणं नको. कायद्याच्या नजरेतूनही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी-घरटी विस्कटणं हेही येतं.

काठावरची माणसं

काठ मोकळा नसतो, हेही विसरून चालणार नाही. पाणी हटलं की गाळपेर होते. टरबूज, डांगर, काकडी लावली जाते. ढिवर-भोई मंडळी पहाटे जाळी काढतात. गुरं पाण्यावर येतात. या लोकांचा त्या जमिनीवर पोटाचा हक्क आहे. आपण रविवारी सकाळी दोन तास येणारे, त्यांना निसर्ग शिकवायला जाऊ नये. उलट, कुठं सुरय बसतात आणि कुठं टिटवी रोज ओरडते हे त्यांना आपल्यापेक्षा आधी ठाऊक असतं. चितमपल्लींनी आपल्या भाषेला पाखरांची जी नावं दिली, त्यांतली कितीतरी त्यांनी विदर्भातल्या रानात राहणाऱ्या माणसांकडूनच गोळा केलेली आहेत.

वखर चालवताना टिटवीचं घरटं दिसलं की तेवढा तुकडा सोडून पुढं जाणारे शेतकरी आपल्याकडे आहेत. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असा एक समज आहे. तो खरा-खोटा ते सोडा, पण त्या समजामुळे लोक घरट्याकडे बघतात आणि ते राखतात. आपण गेलो की आधी राम राम घालावा, दोन गोष्टी विचाराव्यात, आणि डांगर घ्यायचं तर भाव न करता घ्यावं.

कोकणात मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावानं कासवांच्या बाबतीत हे करून दाखवलं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी मिळून समुद्रकासवांची घरटी राखली, आणि वसंतात पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक गावात राहतात. पण एक फरक ध्यानात घ्या. कासविणीची अंडी उचलून कुंपणात नेता येतात, कारण ती अंडी घालून निघून जाते. पाखराचं तसं नाही. त्याची अंडी हलवली तर ते त्यांना आपली म्हणत नाही. आपल्या काठावर राखण म्हणजे लांब राहणं, एवढाच उपाय आहे.

तरीही का जायचं

आता राहिलेला प्रश्न. इतकी काळजी घ्यायची, तर जायचंच कशाला? कारण हिवाळ्यातल्या मोजण्या होतात, आणि चैत्र मात्र वहीत कोरा राहतो. कुठल्या जलाशयावर सुरय अंडी घालतात, कोणत्या पंधरवड्यात बेट काठाला जोडलं जातं, किती पिल्लं उडाली, हे लांबून, दुर्बिणीतून, दर आठवड्याला त्याच जागेवरून बघून लिहिता येतं. दोन-तीन वर्षांची अशी वही हातात असली, तर धरणावरच्या अधिकाऱ्यांशी आणि वनखात्याशी बोलायला आधार असतो. बेटाजवळ कुत्री येऊ नयेत म्हणून चर खणावा का, अमुक आठवड्यात त्या बाजूला होडी जाऊ नये का, असे छोटे, होण्यासारखे प्रश्न विचारता येतात. कोणी गेलंच नाही, तर तिथं काही आहे हेच कोणाला कळणार नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच मुरमावरून ट्रॅक्टर जातील.

तर येत्या रविवारी आपण जाणार आहोत. पाच वाजता निघू. मातकट रंगाचे कपडे, टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, आणि वही-पेन. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत. पाळीवर बसून तासभर एकाच जागी बघायचं. नवख्यांना सुरुवातीला कंटाळा येईल. पण उडवलेल्या पाखराचं फक्त शेपूट दिसतं. न घाबरलेलं पाखरू मासा भरवताना, पोट भिजवताना, पिल्लाला पंखाखाली घेताना दिसतं. नऊच्या ठोक्याला परत फिरायचं. कोणाला काही विचारायचं असेल तर आता विचारा, वेळ आहे.